शाखा जोडायच्या : लीज्ड लाइन, व्हीपीएन की रेडिओ?

पणजीत सर्व्हर आणि म्हापसा, मडगाव, वाळपईला शाखा. साठा आणि बिलं सगळीकडे एकच दिसायला हवीत. या कामाला वेग फारसा लागत नाही. तेव्हा दरपत्रकातला वेग बाजूला ठेवा आणि लाइन जुलैत किती टिकते ते आधी विचारा.

लीज्ड लाइन, म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखून दिलेली लाइन, महाग पडते, पण अपलोड-डाउनलोड सारखं मिळतं आणि दुरुस्तीची मुदत करारात येते. लाइन किती वेळ चालू राहील त्या हमीचा आकडा मात्र नीट वाचा. ९९.५ टक्के म्हणजे तीस दिवसांत ३.६ तास बंद राहिली तरी करार मोडत नाही. शिवाय एमपीएलएसची (कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कमधून शाखा जोडणारी) लाइन खासगी असली तरी डेटा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे इतरांना वाचता न येणारा, होत नाही.

बहुतेकांना साध्या फायबर ब्रॉडबँडवर वायरगार्ड पुरेसं आहे. हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंटरनेटमधूनच दोन जागांमध्ये एन्क्रिप्ट केलेला खासगी बोगदा (टनेल) काढणारं. स्थिर पब्लिक आयपी (न बदलणारा, बाहेरून गाठता येणारा पत्ता) फक्त पणजीला घ्या. शाखेच्या राउटरला १००.६४ ते १००.१२७ मधला वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी मिळाला असेल तर ती सीजीनॅटच्या मागे आहे, म्हणजे कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटला आहे. तिथे बाहेरून जोडता येत नाही, म्हणून जोडणी शाखेनेच सुरू करायची आणि कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा ठरावीक वेळाने जाणारा संदेश) २५ सेकंद ठेवायचा. प्रत्येक जागेचं सबनेट (आतल्या पत्त्यांचा गट) वेगळं हवं : पणजी १९२.१६८.१०.०/२४, म्हापसा १९२.१६८.२०.०/२४. सगळीकडे राउटरचं मूळ १९२.१६८.१.० तसंच राहिलं तर डेटाची पाकिटं टनेलमध्ये न जाता घरातच फिरतात. पिंग जातो पण मोठा रिपोर्ट अडकतो, तेव्हा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) तपासा. पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्ड टाकून चालू होणाऱ्या ब्रॉडबँडवर) वायरगार्डच्या नेहमीच्या १४२० ऐवजी १४१२ लावा.

एक बिघाड पावसाळ्यात हमखास चकवतो. वीज जाऊन आली की बॅटरी नसलेल्या राउटरचं घड्याळ मागे जातं. वायरगार्ड जुन्या वेळेचा हँडशेक (जोडणी सुरू करतानाची ओळखपरेड) नाकारतं, आणि वेळ जुळवणारी एनटीपी सेवाही टनेलमधूनच जात असेल तर दोन्ही एकमेकांसाठी खोळंबतात. एनटीपी टनेलच्या बाहेरून जाऊ द्या. आणि कॉम्प्युटरसोबत राउटर व ओएनटीही (फायबरची तार जिथे येते तो डबा) यूपीएसवर घ्या, हे सर्रास राहून जातं.

जोडीला पर्यायी लाइन हवीच, पण दुसरं फायबर नको. दोन्ही तारा एकाच खांबावरून येत असतील तर माड पडला की दोन्ही तुटणार. फोरजी सिमचा राउटर बरा, आणि त्याचं सिग्नल त्याच खोलीत मोजून मगच कंपनी ठरवा.

रेडिओ लिंक जवळच्या, समोरासमोर दिसणाऱ्या दोन इमारतींना छान. ५ किलोमीटरला ५.८ गिगाहर्ट्झवर मध्यावर फ्रेनेल झोनची (दोन डिशमधल्या सरळ रेषेभोवती लहरींना लागणाऱ्या जागेची) त्रिज्या ८ मीटर होते. तिचा किमान ६० टक्के भाग मोकळा हवा. मे महिन्यात डिश नुसत्या एकमेकींना दिसल्या म्हणून बसवलेली लिंक जूनमध्ये ओल्या झावळ्यांपुढे मान टाकते. अर्थिंग, शिल्डेड केबल आणि सर्ज प्रोटेक्टर यांचा खर्चही धरा. वाळपईसारख्या डोंगराआडच्या जागेसाठी हा पर्याय सोडूनच द्या.

शेवटी, कुठलीही लाइन कधीतरी बंद पडणारच. म्हणून बिलांचं सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्यासमोर शाखेची केबल काढा, फोरजीही बंद करा आणि दहा बिलं करून बघा. मग केबल जोडून तीच दहा पणजीला पोचली का, एखादं दोनदा चढलं का, ते मोजा.