बर्फाच्या हमीवर दिलेले १,१२,००० रुपये

माझे माहेर परभणी तालुक्यातल्या कोरडवाहू गावचे. मृगाचा पाऊस येईल की नाही, आला तर टिकेल की नाही आणि पेरलेले दुबार पेरावे लागेल का, ही काळजी मी लहानपणापासून घरात पाहत आले. कृषी विद्यापीठाकडून मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा हवामान सल्ला माझे वडील आजही काळजीपूर्वक वाचतात, पण त्या सल्ल्यातही "पावसाची शक्यता" एवढेच लिहिलेले असते. पावसाची हमी आजवर कुणी दिल्याचे आम्ही ऐकले नाही. असे असूनही जानेवारी २०२४ मध्ये काश्मीरमधील गुलमर्गला बर्फ असणारच, अशी तोंडी हमी एका सहल नियोजकाने दिली आणि तिच्या भरवशावर आम्ही नवरा-बायकोंनी त्याला १,१२,००० रुपये देऊन टाकले. पुढे काय घडले ते मी क्रमाने लिहीत आहे, कारण लहान मूल घेऊन बर्फाच्या प्रदेशात जाण्याचा बेत आपल्याकडची अनेक कुटुंबे करू लागली आहेत आणि आमच्या बाबतीत ज्या जागी चूक झाली ती जागा त्यांना आधी दिसावी.

आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. गुलमर्गच्या 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धांची दृश्ये तिने दूरदर्शनवर पाहिली होती आणि आपणही तसे घसरत जायचे, असे तिने मनाशी पक्के केले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही शेजारच्या जिल्ह्याच्या शहरातील एका नियोजकाच्या कार्यालयात गेलो. चार रात्री, दिल्ली ते श्रीनगर विमानाने जाणे-येणे, गुलमर्गमध्येच मुक्काम, गोंडोलाच्या (डोंगरावर नेणाऱ्या केबल कारच्या) दोन्ही टप्प्यांची तिकिटे आणि मुलीसाठी प्रशिक्षक व साहित्यासह तीन दिवसांचे स्कीइंगचे, म्हणजे बुटांना लांब पट्ट्या जोडून बर्फावरून घसरण्याचे, शिक्षण, असा त्याचा प्रस्ताव होता. "बर्फ नसला तर काय?" हा प्रश्न मी तिथेच विचारला होता. त्यावर तो म्हणाला, "ताई, जानेवारी म्हणजे चिल्ले कलान. बर्फ नसला तर एक रुपयाही ठेवणार नाही." चिल्ले कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे काश्मीरमधील कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. ही माहिती खरी होती आणि तिच्या आडून दिलेले वचन आम्हाला म्हणूनच खरे वाटले. वस्तुतः थंडी आणि बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या हवामान प्रणाली, बाष्प घेऊन काश्मीरपर्यंत पोहोचले तरच तिथे बर्फ पडतो. ते आले नाहीत तर पारा शून्याखाली उतरतो, नळ गोठतात आणि डोंगर मात्र कोरडेच राहतात.

त्या दिवशी ३०,००० रुपये आगाऊ दिले. ते संस्थेच्या चालू खात्यात न जाता एका व्यक्तीच्या नावाच्या खात्यात यूपीआयने गेले, आणि हे आमच्या लक्षात आले असूनही आम्ही त्यावर बोललो नाही. पावतीच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत छापले होते की हवामान, नैसर्गिक आपत्ती किंवा वाहतुकीतील अडथळ्यांमुळे कोणताही परतावा मिळणार नाही. यजमानांनी ते वाचून विचारले, तेव्हा "ते सगळ्यांसाठी छापलेले असते, तुमचे आपले बोलणे झाले आहे" असे उत्तर मिळाले. तेच बोलणे पावतीवर हाताने लिहून सही करून द्या, एवढे आम्ही म्हणायला हवे होते. समोरचा माणूस गोड बोलत असला की कागद मागणे आपल्याला अपमानास्पद वाटते, आणि त्या संकोचाचाच त्याने उपयोग केला असे आज मला स्पष्ट दिसते. पुढच्या दोन महिन्यांतील निरोप मी नंतर चाळून पाहिले. बर्फाविषयीचे प्रत्येक आश्वासन त्याने फोनवर तोंडी दिले होते. लेखी निरोपांत केवळ "काळजी करू नका ताई" एवढेच होते.

डिसेंबरच्या मध्यास एका संध्याकाळी त्याचा फोन आला की विमानाचे दर रात्री बारानंतर वाढणार आहेत आणि उरलेली सर्व रक्कम तातडीने भरावी लागेल. मुलगी शेजारीच बसून ऐकत होती. ८२,००० रुपये त्याच रात्री गेले.

याच सुमारास एक खूण दिसली होती, पण ती आम्हाला वाचता आली नाही. स्कीइंगचे बूट पायाच्या मापाचे असावे लागतात आणि पट्टी बुटाला धरून ठेवणारा सांधा शिकणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावतात, म्हणजे मूल पडले तर पट्टी वेळीच सुटते आणि पाय मुरगळत नाही. ज्याने खरोखर एखाद्या प्रशिक्षकाशी बोलून साहित्य ठरवले असते, त्याने मुलीच्या पायाचे माप, उंची आणि वजन विचारले असते. आम्हाला फक्त तिचे आधार कार्ड मागण्यात आले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गुलमर्ग उघडेबोडके पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ५ जानेवारीला मी फोन केला आणि सहल पुढे ढकलण्याची विनंती केली. तासाभरात त्याने व्हॉट्सॲपवर दाट बर्फ पडत असल्याचा एक व्हिडिओ पाठवला आणि तो आजच्या सकाळचा असल्याचे फोन करून सांगितले. तो व्हिडिओ आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून समाजमाध्यमांवर फिरत असल्याचे यजमानांच्या एका सहकाऱ्याने आम्हाला शोधून दाखवले, पण तोवर आम्ही परत आलो होतो. त्या दिवशी व्हिडिओवर विश्वास न ठेवता आम्ही भारतीय हवामान विभागाच्या श्रीनगर केंद्राचा अंदाज पाहिला असता, तर पुढचे काही दिवस कोरडेच आहेत हे कळले असते. बर्फाचा अंदाज चार-पाच दिवसांपुरता बऱ्यापैकी भरवशाचा असतो, त्यापुढे तो अंधुक होत जातो. म्हणूनच नोव्हेंबरमध्ये जानेवारीच्या एखाद्या तारखेला बर्फ असेल असे सांगणाऱ्याला त्याविषयी काहीही माहीत नसते.

परभणीहून सचखंड एक्सप्रेसने दिल्लीला आणि तेथून विमानाने १० जानेवारीला आम्ही श्रीनगरला उतरलो. आमचे प्रीपेड सिम तिथे बंद पडले. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड जोडण्या जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात, ही साधी गोष्टही आम्हाला कुणी सांगितली नव्हती. नियोजकाशी बोलायचे तर वाहनचालकाचा फोन मागावा लागे. मुक्काम गुलमर्गमध्ये नव्हता. तो होता सुमारे १३ किलोमीटर खाली असलेल्या तंगमर्गला. दुसऱ्या दिवशी वर गेलो तेव्हा पुढे दिसले ते तपकिरी गवत, धुरळा आणि अफरवट डोंगराच्या अंगावरचे काही पांढरे पट्टे. मुलीने दोन-तीनदा विचारले की बर्फ आत कुठे आहे. मला उत्तर देता आले नाही.

खरी फसवणूक गोंडोलाच्या दारात उघड झाली. ही तिकिटे जम्मू-काश्मीर केबल कार महामंडळ स्वतःच्या संकेतस्थळावर विकते आणि प्रवाशाचे नाव ओळखपत्राशी पडताळून पाहिले जाते. आमच्या हातातील कागदावर आमची नावे आणि त्या दिवसाची तारीख होती, पण त्यावरचे चौकोनी सांकेतिक चिन्ह (क्यूआर कोड) यंत्रापुढे धरताच भलत्याच कुटुंबाची, काही आठवड्यांपूर्वीची नोंद समोर आली. जुन्या तिकिटावर नावे आणि तारीख बदलून ते आम्हाला पाठवण्यात आले होते. तेथील कर्मचाऱ्याने ते शांतपणे दाखवून दिले आणि कागद जपून ठेवायला सांगितले. तो सल्ला पुढे फार मोलाचा ठरला. प्रशिक्षकाचेही तसेच. ज्याचे नाव आमच्या पत्रकावर होते त्या गृहस्थांना आम्ही विचारत विचारत गाठले, तर त्यांनी या नियोजकाचे नाव कधी ऐकलेच नव्हते. त्यांनी मुलीला जवळ बोलावून सांगितले की लहान मुलांना शिकवायचा उतार खालच्या मैदानात असतो, तिथे दाबून बसवलेला बर्फ लागतो आणि तो नसताना कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आम्हाला फसवणारा माणूस आपल्याच भागातला होता आणि आधार देणारी माणसे तिथली होती, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते.

तिकिटे खोटी निघाली हे एका अर्थी मुलीच्या पथ्यावर पडले, असे आता मला वाटते. त्याच्या वेळापत्रकात पहिल्याच दिवशी गोंडोलाचा दुसरा टप्पा होता. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटरवर आहे, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आणि दुसरा टप्पा तर ३,९०० मीटरच्याही वर जातो. इतक्या उंचीवर लहान मुलाला एकदम नेले तर डोकेदुखी, मळमळ आणि धाप यांचा त्रास होऊ शकतो, आणि नेमके काय होते आहे हे मुलाला धड सांगताही येत नाही. आमच्या मुलीला तर गुलमर्गलाच पहिल्या दिवशी उलटी झाली. ज्यांना मूल घेऊन जायचे आहे त्यांनी आधी एक-दोन रात्री सुमारे १,६०० मीटरवरील श्रीनगरमध्ये काढाव्यात आणि निघण्यापूर्वी आपल्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्यावे.

परतीचा दिवस १४ जानेवारी होता. श्रीनगरचे विमान आणि दिल्लीहून सुटणारी सचखंड यांत त्याने चार तासांचे अंतर ठेवले होते. जानेवारीत दिल्लीला धुके असते हे उत्तरेकडचा प्रवास आखणाऱ्या कुणालाही ठाऊक असायला हवे. त्या दिवशी धुके इतके दाट होते की दिल्लीची विमाने तासन्तास रखडली आणि आमची गाडी चुकली. एक रात्र दिल्लीत काढून, नव्याने तिकिटे काढून आम्ही घरी पोहोचलो. संक्रांत वाटेतच गेली. जानेवारीच्या अखेरीस गुलमर्गला बर्फ पडला आणि फेब्रुवारीत तिथे स्पर्धाही झाल्या, हे आम्ही घरी बसून पाहिले. मात्र यावरून फेब्रुवारी हा खात्रीचा महिना आहे असेही कुणी समजू नये, कारण २०२५ मध्ये त्याच स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या.

परतल्यावर नियोजकाने आधी पावतीची मागची बाजू दाखवली आणि नंतर फोन उचलणे बंद केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली, बनावट तिकिटाबद्दल पोलिसांत लेखी अर्ज दिला आणि वकिलामार्फत नोटीस पाठवली. नोटिशीत आम्ही बर्फाचा मुद्दा पुढे केला नाही. बर्फ न पडणे हा त्याचा गुन्हा नव्हता आणि त्याची तोंडी हमी सिद्ध करायला आमच्याकडे काही नव्हते. न काढलेली तिकिटे, न ठरवलेला प्रशिक्षक आणि गुलमर्गऐवजी तंगमर्गचा मुक्काम या तीन गोष्टींना मात्र कागदाचा पुरावा होता, आणि छापील अटींतला हवामानाचा आडोसा त्यांपैकी एकीलाही लागू पडत नव्हता. नोटिशीनंतर ३८,००० रुपये परत आले. उरलेल्या रकमेसाठी आणि मनस्तापासाठीची तक्रार परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे अजून चालू आहे.

ज्यांचा असा बेत चालू आहे त्यांना मी इतकेच सुचवेन की विमान, मुक्काम आणि शिक्षण हे एकाच माणसाच्या हाती एकाच रकमेत देऊ नये. मुक्काम निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल असाच घ्यावा, गोंडोलाचे तिकीट महामंडळाच्या संकेतस्थळावरून स्वतः काढावे आणि प्रशिक्षकाला पैसे बर्फ व उतार डोळ्यांनी पाहिल्यावर द्यावेत. नियोजक घ्यायचाच असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासावा आणि रक्कम त्याच नावाच्या खात्यात भरावी. बर्फ नसल्यास काय परत मिळेल, किती आणि किती दिवसांत, हे पैसे देण्यापूर्वी लिहून घ्यावे. मुलाला आपण डोंगर पाहायला चाललो आहोत असे सांगावे. बर्फाचे वचन आपणही देऊ नये. आमच्या मुलीला ते वचन आम्हीच दिले होते.

आणि ज्यांची अशी फसवणूक आधीच झाली आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे नियोजकाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. पावती दोन्ही बाजूंनी, यूपीआयच्या नोंदी, सर्व निरोप आणि तिकिटाचा मूळ कागद यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. आमच्या प्रकरणात जे काही हाती लागले ते त्या गोंडोलाच्या कागदामुळे लागले.