नॉइज फिल्टरच्या नावाखाली 43 हजार गेले, घेताना बघून घ्या

भोसरी एमआयडीसीत माझा छोटा गाळा आहे, पत्र्याच्या पट्ट्या कापून द्यायचं काम. दिवाळीनंतर नवीन ड्राइव्ह (मोटारचा वेग सांभाळणारं यंत्र) बसवला आणि मशीनची नाटकं सुरू झाली, 600 एमएमची पट्टी कधी 596 तर कधी 604. एन्कोडर (फिरणं मोजून लांबीचा काउंट देणारा सेन्सर) बदलला तरी तेच, मोटार चालू केली की काउंट उड्या मारणार, बंद केली की एकदम शहाणा.

मग एक जण आला, ओळखीतून आला म्हणून मीपण फार खोदून विचारलं नाही. म्हणे साहेब, हा नॉइजचा प्रॉब्लेम आहे, म्हणजे मोटारच्या वायरमुळे सिग्नलमधे होणारी विजेची गडबड. आता हे खरंच होतं, म्हणून तर फसलो ना! नॉइज फिल्टर म्हणून 11 हजाराला एक असे तीन काळे डबे आणि वर 10 हजाराची शील्डेड (तारांभोवती धातूची जाळी असलेली) कॉपर केबल. बिल नंतर पाठवतो म्हणाला, ते अजून येतंय. डबा ड्राइव्ह आणि मोटारच्या मधे जोडला तर ड्राइव्ह ओव्हरकरंटवर ट्रिप, म्हणजे करंट जास्त झाला म्हणून आपोआप बंद. ड्राइव्हच खराब आहे म्हणाला आणि नंतर फोन बंद.

गुरुवारी लाईट नव्हती, शेजारच्या गाळ्यातल्या काकांनी हॅक्सॉने डबा कापला. आत काळी राळ, त्यात पंख्याला असतात तसले तीन कपॅसिटर आणि एक लाल एलईडी, बास. ड्राइव्हच्या आउटपुटला (मोटारकडच्या बाजूला) कपॅसिटर लावायचा नसतो, मॅन्युअलमधे स्पष्ट लिहिलंय, पण मॅन्युअल वाचतंय कोण. केबलची जाळी ब्लेडने खरवडली तर खालून पांढरी, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा.

काकांनीच मग नीट केलं. खऱ्या तांब्याची शील्डेड केबल आणली, पॅनलच्या प्लेटचा रंग खरवडून शील्ड सगळीकडून क्लॅम्पखाली दाबलं, मोटारकडे मेटल ग्लँड (केबल घट्ट धरणारं धातूचं तोंड). आधीच्या वायरमनने शील्ड पिळून लांब शेपटी करून अर्थला जोडलं होतं, काका म्हणाले हाय फ्रिक्वेन्सीला ही शेपटी असून नसल्यासारखी. आणि एन्कोडरची वायर मोटारच्या केबललाच टायने बांधलेली (हे माझंच डोकं), ती फूटभर लांब नेली. कॅरिअर फ्रिक्वेन्सी (ड्राइव्ह आतून किती वेगाने चालू-बंद होतो ते) 8 वरून 4 किलोहर्ट्झ केली, मोटार जरा जास्त गाते पण पट्टी 600 म्हणजे 600. खर्च साडेपाच हजार, वर काकांचा चहा-वडापाव.

दोन डबे अजून न कापलेले पडलेत. असला लाल एलईडीवाला डबा घेऊन कोणी आलं तर आधी विचारा, इनपुटला लावायचा का आउटपुटला, आणि पक्कं बिल हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.