पॅथॉलॉजीचं पुस्तक कोणतं घ्यावं? एमबीबीएसच्या सेकंड इयरभर रॉबिन्स आणि हर्ष मोहन ही दोन लेखकांच्या नावाने ओळखली जाणारी पुस्तकं वापरल्यानंतर

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांना आधीच सांगून टाकतो. नवं कोरं एकच पुस्तक घ्यायचं असेल तर छोटं रॉबिन्स, म्हणजे 'बेसिक पॅथॉलॉजी' घ्या. हर्ष मोहन एखाद्या सिनिअरकडून जुनं मिळवा. मोठ्या रॉबिन्ससाठी, म्हणजे 'पॅथॉलॉजिक बेसिस ऑफ डिसीज'साठी, लायब्ररी आहे.

पुस्तक कोणाला झेपेल हे वाचणाऱ्यावर असतं, म्हणून माझ्याबद्दल थोडं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, घरी पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. फर्स्ट इयरची अॅनाटॉमी घोकून निघाली, पॅथॉलॉजी तशी निघत नाही. त्यात २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात सेकंड इयर दीड वर्षाचं वर्षभरावर आलं, आणि सोबत फार्माकॉलॉजी-मायक्रोबायॉलॉजी आहेतच. तिन्ही पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली असं कोणी सांगत असेल तर तो टॉपर असेल, नाहीतर थापा मारत असेल.

मोठ्या रॉबिन्सची पहिली आवृत्ती १९५७ सालची. मी वापरली ती दहावी: २९ प्रकरणं, चौदाशेच्या आसपास पानं. किंमत ऐकून बाबा म्हणाले, "इतक्या पैशात तं पऱ्हाटीच्या दोन-तीन बॅगा येते ना बाप्पा!" बियाण्याच्या बॅगांचा हिशेब बरोबरच होता. पण पुस्तक भारी आहे यात वाद नाही, विशेषतः पहिली काही प्रकरणं. इन्फ्लमेशनचंच, म्हणजे दाहाचंच घ्या. गाईडमध्ये 'रोलिंग, अॅड्हेजन, ट्रान्समायग्रेशन' असे तीन शब्द एकाखाली एक दिलेले असतात आणि आपण ते पाठ करतो. इथे कळतं की सिलेक्टिन या प्रथिनांची पकड ढिली असते, म्हणून न्यूट्रोफिल (एक पांढरी पेशी) रक्तवाहिनीच्या भिंतीवर लोळत जातो. इंटिग्रिन ही दुसरी प्रथिनं घट्ट धरतात, तेव्हा तो थांबतो आणि मग पेशींच्या फटीतून बाहेर पडतो. हे एकदा डोक्यात बसलं की क्रम पाठ करावाच लागत नाही. इंग्रजीची भीती बाळगू नका, वाक्यं लांब असली तरी सरळ आहेत. पहिला महिनाभर मोबाइलवर डिक्शनरी उघडी ठेवावी लागते, नंतर तेच तेच शब्द परत येतात. अडचण वेगळीच होते. या पुस्तकात आपण रमतो, एका किडनीच्या प्रकरणात आठवडा जातो आणि तिकडे इंटर्नल परीक्षा येऊन ठेपते.

छोट्या रॉबिन्सची शिस्त तीच आहे, फक्त रेणू-जनुकांचा पसारा आवरलेला. मॉर्फॉलॉजीचा, म्हणजे आजारात अवयव कसा दिसतो त्याचा, भाग वेगळा दाखवलेला असतो, त्यामुळे प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री तेवढंच चाळता येतं. एमबीबीएसला याहून खोल कोणी विचारत नाही.

आता आपल्या विदर्भातला मुद्दा, ज्यासाठी मुळात हे लिहायला बसलो. सिकल सेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यातली पोरं ज्या वॉर्डात येतात तिथे शिकणाऱ्याला हा आजार पुस्तकाआधी पेशंटमध्ये दिसतो. रॉबिन्समध्ये आकडे आफ्रिकेचे आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे. त्यात लिहिलंय की लहानपणी मोठी झालेली स्प्लीन (प्लीहा) वारंवार इन्फार्क्ट होऊन, म्हणजे रक्तपुरवठा तुटून भाग मरत जाऊन, मोठेपणी आक्रसते, नुसता तंतूंचा गोळा उरतो. इकडे मेडिसिनच्या पोस्टिंगला मिसरूड फुटलेल्या पोराच्या पोटावर हात ठेवला तर स्प्लीन बोटांना चक्क लागते. पुस्तक खरं की हात खरा?

दोन्ही खरे. आपल्याकडच्या पेशंटमध्ये बहुतेक करून अरब-भारतीय हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणारा जनुकीय बदलांचा संच) असतो आणि त्यात फीटल, म्हणजे गर्भातलं, हिमोग्लोबिन जास्त राहतं. आणि फीटल हिमोग्लोबिन जास्त असलं की एचबीएसचं (सिकलच्या हिमोग्लोबिनचं) पॉलिमर होणं, म्हणजे साखळ्या बनून पेशी वाकडी होणं, अडतं, हे रॉबिन्समध्येच स्वच्छ लिहिलंय. म्हणून स्प्लीन लवकर आक्रसत नाही. म्हणजे त्यातलं चित्र आपल्या पेशंटशी जुळत नाही, पण का जुळत नाही याचं उत्तर मात्र त्याच प्रकरणात सापडतं. पाठांतराच्या पुस्तकाने मी इथे अडकलो असतो. बरं, विदर्भातला सिकल ही काही कालची गोष्ट नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलं होतं.

खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या) बाबतीत मात्र रॉबिन्स कमी पडतं. ल्युकोप्लाकिया (तोंडातले पांढरे चट्टे), तोंडाचा कॅन्सर व्यवस्थित आहे, पण सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे आपल्या चौकातल्या निम्म्या पोरांचं तोंड दोन बोटांच्या वर का उघडत नाही ते, मी डेंटलच्या कपाटातल्या ओरल पॅथॉलॉजीच्या पुस्तकातून वाचलं.

हर्ष मोहन कशासाठी? पेपरसाठी, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्या विद्यापीठाचा प्रश्न जसा येतो तसंच उत्तर तिथे मांडलेलं असतं: व्याख्या, कारणं, ग्रॉस (नुसत्या डोळ्यांना दिसणारं), मायक्रो (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं), तक्ता. टीबी, कुष्ठरोग, सिफिलिस हे इन्फ्लमेशनच्या जोडीलाच येतात, तर रॉबिन्समध्ये संसर्गाच्या प्रकरणात जाऊन शोधावे लागतात. आकृत्या हाताने काढता येतील इतक्या साध्या, सोबतचं छोटं क्विक रिव्ह्यू एसटीत वाचायला बरं. पण नुसतं हेच वाचलेल्याला व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) 'असं का होतं?' विचारलं की घाम फुटतो. यादी सगळी पाठ असते, एका मुद्द्यातून दुसरा कसा निघतो ते सांगता येत नाही.

काळी-पांढरी झेरॉक्स प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नका. स्लाइड रंगवायच्या हिमॅटॉक्सिलिनचा निळा आणि इओसिनचा गुलाबी दोन्ही राखाडी होतात, केंद्रक कुठे आणि सायटोप्लाझम कुठे तेच कळत नाही. टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये रंग असतात, पण मोबाइलच्या स्क्रीनवर तक्ता वाचताना डोळे जातात.

जुनी आवृत्ती घ्यायला हरकत नाही, नागपूरला मेडिकल कॉलेजजवळच्या दुकानांत चांगल्या प्रती मिळतात. घेताना आतल्या रंगीत पानांवर आधीच्या मालकाने हायलायटर किती फिरवलाय ते बघा. इन्फ्लमेशन, थ्रॉम्बोसिस, नेक्रोसिस यांत एका आवृत्तीने फार फरक पडत नाही. लिम्फोमा, ल्युकेमिया आणि थायरॉइडच्या गाठी मात्र लायब्ररीतल्या नव्या प्रतीशी ताडून घ्या. थायरॉइडच्या एका गाठीच्या नावातून २०१६ साली 'कार्सिनोमा' हा शब्दच काढून टाकलाय, आणि त्याआधीच्या प्रतीत ती अजून कॅन्सरमध्येच बसलेली आहे.