ऑस्कर: पहाटे की रात्री?

ऑस्कर आपल्याकडे सोमवारी दोनदा बघायला मिळतं. पहाटे थेट, आणि रात्री जेवणं उरकल्यावर पुन्हा. मी दोन्ही करून बघितलंय.

रात्रीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. झोप मोडत नाही, घरचे सोबत बसतात, रटाळ भाग कमी झालेला असतो. शिवाय पहाटेच्या गजराचा भरवसा नाही. तिकडे अमेरिकेतले लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात. त्यामुळे २०२४चा सोहळा आपल्या साडेचारला सुरू झाला, तर २०२५चा मार्चच्या पहिल्याच रविवारी असल्याने साडेपाचला. मी सवयीने साडेचारचा गजर लावला आणि तासभर नुसते झगे बघत बसलो.

दिवसभरात निकाल कानावर पडतात, ही रात्रीबद्दलची नेहमीची तक्रार. मला तिचं फारसं काही वाटत नाही. २०२३ला ‘नाटू नाटू’ जिंकल्याचं सकाळीच कळलं होतं, तरी रात्री आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्याच.

माझं बिनसलं ते कात्रीवरून. एका वर्षी रात्री बघताना नाव पुकारलं गेलं आणि पुढच्या क्षणी माणूस थेट माइकपुढे! खुर्चीत क्षणभर थिजणं, शेजारच्याला घट्ट मिठी, झग्याचा घोळ सावरत चढलेल्या पायऱ्या, सगळं गायब. अहो, मी ऑस्कर बघतो तेच मुळी त्यासाठी. भाषणं काय, नंतर कुठेही सापडतात. दरवर्षी असंच कापतात असं म्हणणार नाही, पण माझ्या मनातून रात्र उतरली ती उतरलीच.

आणि निकाल शिळा चालतो मला, घोळ मात्र ताजाच हवा. २०१७ला साडेदहा उलटून गेले होते, डबा घेऊन दारात उभा होतो. ‘ला ला लँड’ची मंडळी आभार मानत होती आणि त्यांच्यामागे हेडफोन लावलेला माणूस फिरताना दिसला. लिफाफा चुकला होता, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार ‘मूनलाइट’चा होता. मी बुटांसकट सोफ्यावर बसलो. ऑफिसात बोलणी खाल्ली, ती वेगळी.

घरात तान्हं मूल असेल किंवा सोमवारी सकाळीच मीटिंग असेल, तर रात्रीच बघा, काही बिघडत नाही. पण अर्धी रजा टाकता येत असेल तर पहाट सोडू नका. तेवढंही जमत नसेल तर शेवटचा तास तरी थेट बघा, मोठे पुरस्कार तेव्हाच असतात. फक्त गजर लावण्याआधी त्यांच्या घड्याळाचं काय झालंय ते बघून घ्या.