आमची डिश पडली ४२,४९९ रुपयांना

आधीच सांगते, मी अकाउंट्समध्ये काम करते. बावीस वर्षं झाली. दुसऱ्याच्या वह्यांतला सात रुपयांचा फरक सापडेपर्यंत घरी न जाणारी बाई आहे मी. त्यामुळे "शिकलेली माणसं फसतातच कशी हो?" हे कुणाला ऐकवायचं असेल तर रांगेत उभं राहा. पुढे आमचे हे, दीर, बँकेतली मुलगी आणि पोलीस ठाण्यातले साहेब आधीच उभे आहेत.

२०२५ च्या गणपतीआधीची गोष्ट. पुण्यात सिंहगड रस्त्याला आमच्या गल्लीत खोदाई झाली, केबल तुटली आणि आठ दिवस टीव्ही बंद. केबलवाला फोन उचलेना. उचललाच तर "ताई, पोरगं निघालंय." ते पोरगं आठ दिवस निघालेलंच होतं. पैसे न्यायला मात्र पाच तारखेला सकाळी आठच्या ठोक्याला दारात हजर. सासूबाई ८१ वर्षांच्या. गुडघ्यांमुळे गावात, म्हणजे पेठांत, जाणं बंद झालंय, विसर्जनाची मिरवणूक टीव्हीसमोर बसून बघतात. कसबा गणपती अलका चौकात आला की बसल्या जागी हात जोडतात. त्यांनी रोज विचारायचं, "अगं, या वर्षी दिसेल ना मिरवणूक?" आणि मी रोज "बघते" म्हणायचं.

शेवटी केबल सोडून डिश घ्यायची असं ठरवून मी रीतसर तक्ता मांडला. हो, मी तक्ता मांडला होता. त्यातच तर खरी मेख आहे.

केबल ३५० रुपये महिना, वर्षाचे ४,२००. पावसात चित्र जात नाही, पण कुणी कुदळ मारली की संपलं. डिशचं उलटं. खोदाईशी संबंध नाही, पण पाऊस जोराचा आला की सिग्नल गेलाच, कारण उपग्रहावरून येणाऱ्या लहरी दाट पावसात क्षीण होतात. आपल्याकडच्या डिश कंपन्यांचे उपग्रह विषुववृत्तावर, पुण्याच्या रेखांशाच्या पूर्वेला असतात, म्हणून डिशला आग्नेयेकडचं मोकळं आकाश लागतं. आमची गॅलरी पूर्वेची, समोर मैदान. म्हणजे तो प्रश्न नव्हता. दूरदर्शनच्या फ्री डिशचाही विचार केला. एकदा डिश-बॉक्स घेतला की दरमहा काही भरायचं नाही, पण सासूबाईंच्या दोन्ही मालिका पैसे भरायच्या वाहिन्यांवर. तो रकाना खोडला.

डिशच्या खर्चात नेटवर्कचं शुल्क १३० रुपये धरलं. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचे, म्हणजे टीव्ही-फोनच्या कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे नियम लागू झाले तेव्हापासून हा आकडा माझ्या डोक्यात बसलाय. २०२४ मध्ये त्यावरची मर्यादा काढली, पण अंदाजाला तोच धरला. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. वर वाहिन्यांचे पैसे वेगळे. मोठ्या वाहिन्या १९-१९ रुपयांच्या. सगळं मिळून महिना ३१०च्या आसपास जात होतं. केबलपेक्षा थोडं कमी. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही, हे कृपया नोंदवून घ्या.

२३ ऑगस्ट, शनिवार. भाजी घेऊन येत होते. सोसायटीच्या गेटशेजारी मोठी छत्री लावून दोन मुलं बसली होती. कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, टेबलावर खोकी. एकाने हाक मारली, "ताई, केबल बंद आहे ना? गणपतीत काय करणार?" आता वाटतं, याला कसं माहीत केबल बंद आहे? पण अख्ख्या गल्लीला माहीत होतं. वॉचमनने सांगितलं असणार.

ऑफर अशी: एचडी बॉक्स, डिश, मराठी, हिंदी आणि खेळाच्या सगळ्या वाहिन्या, वर्षभर, २,४९९ रुपये. बसवायचे ३०० वेगळे. जुना केबलचा बॉक्स जमा केला तर २,९९९चे २,४९९.

भागाकार करा. मी तेव्हा केला नाही, म्हणून तुम्ही करा. २,४९९ भागिले १२ म्हणजे २०८ रुपये २५ पैसे. त्यातले १५३.४० नेटवर्कचे गेले की उरले ५४ रुपये ८५ पैसे. एवढ्यात मराठी, हिंदी, खेळ, एचडी, आणि वर बॉक्स फुकट! मोठ्या वाहिन्या तीन घेतल्या तरी ५७ होतात. घरी लॅपटॉपवर माझा स्वतःचा तक्ता उघडा होता. मी तीन मजले चढून तो बघायला गेले नाही, कारण हातात मेथी आणि डोक्यात "मिरवणूक दिसेल ना" होतं.

बरं, हे सुटलं. पुढचं? क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे कुणाला जातायत त्याचं नाव पडद्यावर येतं. कंपनीचं नाव यायला हवं होतं. आलं कुठल्याशा मोबाईल शॉपीचं. मी वाचलं. वाचलं नाही असं म्हणायलाही मला जागा नाही, कारण मी मोठ्याने विचारलं, "हे कोण?" तो म्हणाला, "आमचे डिस्ट्रिब्युटर आहेत, ताई." आणि मी पिन टाकला. कचेरीत पावतीवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळलं नाही तर मी साहेबांची बिलं परत पाठवते. मी! रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तेच नाव दिसतं, त्याचं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं होतं.

संध्याकाळी मुलगा डिश बसवून गेला. पंधरा मिनिटांत चित्र आलं, झकास. रिमोटच्या मागचं झाकण चिकटपट्टीने लावलेलं होतं. खोक्याचं सील फोडलेलं होतं. "चेक करून आणलाय, ताई." माझ्या मोबाईलवर कंपनीचा एकही मेसेज आला नाही. नवं कनेक्शन घेतलं की ग्राहक क्रमांकाचा मेसेज तुमच्या नंबरवर यायलाच हवा. आला नाही तर त्या माणसाला दाराबाहेर जाऊ देऊ नका. मी त्याला चहा दिला.

मिरवणूक दिसली, हे खरं. सासूबाईंनी हात जोडले. माझ्या ४२ हजारांत ती एक गोष्ट मिळाली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी पडद्यावर "रिचार्ज संपला". वर्षाचा पॅक सत्तावीस दिवसांत संपला. छत्रीवाल्याचा फोन बंद. मी कचेरीत आले. दुसऱ्या दिवशी २० तारीख, जीएसटीचं रिटर्न भरायची मुदत, टेबलावर बिलांचा डोंगर. मुदतीच्या आदल्या दिवशी अकाउंट्सवाल्या माणसाचं डोकं कुठे असतं ते या धंद्यातल्यांना विचारा. जेवणाच्या सुट्टीत, एका हातात पोळीचा घास धरून, मोबाईलवर कंपनीचं नाव आणि "कस्टमर केअर" असं शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरवर फोन लावला.

खरा नंबर बिलावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या अॅपमध्ये असतो. शोधून वर येतो तो नंबर कुणीही टाकलेला असू शकतो. हे मला माहीत होतं. गेल्या वर्षी मीच सोसायटीच्या ग्रुपवर हा इशारा पुढे ढकलला होता, खाली हात जोडलेलं चित्र टाकून.

पलीकडचा माणूस हिंदीत, अत्यंत अदबीने बोलत होता. "मॅडम, तुमच्यासोबत फसवणूक झालीय, आम्ही २,४९९ परत करतो." फसवणूक हा शब्द त्यानेच आधी उच्चारला! खात्री करायला १० रुपये पाठवा, दुप्पट परत येतील म्हणाला. पाठवले. २० आले. झालं, विश्वास बसला. मग एक क्यूआर कोड आला. "स्कॅन करा, आणि रिकाम्या चौकटीत तुमचा रिफंड क्रमांक टाका, २४८७०."

ती चौकट रकमेची होती.

मी रोज दोनशे आकडे टाकते. पाच अंकी क्रमांक सांगितला की बोटं आपोआप चालतात. १ वाजून ५२ मिनिटांनी पिन टाकला, २४,८७० रुपये गेले. पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही, पिन म्हणजे सही, हे आता पाठ झालंय. मी ओरडले तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, सिस्टिममध्ये अडकलेत, घाबरू नका, उलट क्रमांक टाका म्हणजे सुटतील, १३६४०." हे वाचून तुम्ही म्हणाल, दुसऱ्यांदा? हो, दुसऱ्यांदा. १ वाजून ५८ मिनिटांनी. पैसे गेलेल्या माणसाला ते परत आणायची जी घाई असते, त्या घाईवरच या लोकांचं पोट चालतं.

एकूण हिशेब: छत्रीवाल्याचे २,४९९ अधिक ३००. फोनवाल्याचे २४,८७० अधिक १३,६४०, त्यातून १०च्या बदल्यात २० आले म्हणून १० वजा. आणि केबलवाल्याचे १,२००, कारण जमा केलेला बॉक्स आमचा नव्हताच, त्याचा होता, भाड्याचा. ४२,४९९.

त्यानंतरची बत्तीस मिनिटं मी कचेरीच्या बाथरूममध्ये काढली. कुणाला सांगायचं या लाजेत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला तेव्हा अडीच वाजले होते. तिथल्या मुलीने नीट लिहून घेतलं, पोचपावतीचा क्रमांक आला. नंतर कळलं, ६,१४० रुपये कुठल्याशा खात्यात अडवता आले, बाकीचे तोवर पुढे गेले होते. बत्तीस मिनिटं! रडायचं ते १९३० ला फोन करून झाल्यावर रडा.

बँकेत गेले. तिथल्या मुलीने माझ्याकडे न बघता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय." रिझर्व्ह बँकेचं २०१७चं परिपत्रक मी वाचून गेले होते. त्यात ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून बँकेला लगेच कळवा आणि तक्रारीची वेळ लिहून घ्या. मी पावणेतीनला कळवलं होतं, तोवर जायचं ते गेलं होतं. पण "लाभार्थी खातं कुठल्या बँकेत आहे" एवढं विचारलं तरी "ती माहिती पोलीसच मागू शकतात".

मग पोलीस. घराजवळच्या ठाण्यात गेले तर म्हणे, फोन कचेरीतून केलात ना, मग कचेरीच्या हद्दीत जा. कचेरीजवळच्या ठाण्यात म्हणे, तुम्ही राहायला तिकडे, छत्रीही तिकडेच, मग इकडे कशाला? १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा आहे त्यात हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यायची तरतूद आहे, असं मी सांगितलं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कायदा एवढा येतो तर पैसे कसे दिले?" बाकावर बसलेले दोघं हसले. मी चार खेटे घातले. मिळाला काय, तर अर्जावर एक शिक्का. गुन्हा नोंदवला का विचारलं तर "अर्ज चौकशीवर आहे". तीन महिने तो चौकशीवरच आहे. अडवलेले ६,१४० सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले, आणि कोर्टाकडे जायला ठाण्याचा अहवाल लागतो, आणि अहवाल कुठे आहे? चौकशीवर.

डिश कंपनीला, खऱ्या नंबरवर, फोन केला. तो बॉक्स दुसऱ्याच कुणाच्या नावावर आहे, त्या ग्राहकाची माहिती देता येत नाही, मी त्यांची ग्राहकच नाही. मान्य. मग माझ्या गेटसमोर तुमच्या रंगाचे टी-शर्ट घालून बसतात ते कोण? "त्याची आम्हाला कल्पना नाही." ट्रायकडे लिहायचं म्हटलं तर ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी हाताळत नाही, कंपनीकडेच जावं लागतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, तेही बघितलं. पण फॉर्ममध्ये विरुद्ध पक्षाचं नाव आणि पत्ता लिहायचा असतो. काय लिहू, छत्री?

केबलचा बॉक्स, मोडेम, काहीही कुणाला "जमा" करण्याआधी तो विकत घेतलाय की भाड्याचा हे पावतीवर बघा. केबलवाल्याने १,२०० घेतले, नवा बॉक्स लावला, आणि मला वर ऐकवलं, "ताई, आपल्या माणसाला सोडून गेलात म्हणून झालं हे." ३५० महिना पुन्हा सुरू. डिश गॅलरीत तशीच आहे, तिच्यावर कबुतरं बसतात.

परवाच्या रविवारी पुलापलीकडे मोठ्या रस्त्यावर तीच छत्री दिसली. तेच टेबल, तीच खोकी, दुसरी मुलं. समोर एक आजोबा मोबाईल काढून उभे. मी रिक्षा थांबवली, आजोबांना बाजूला घेतलं, फोटो काढले आणि तिथूनच ठाण्यात फोन लावला. अर्जाचा क्रमांक सांगितला, म्हटलं, आत्ता बसलेत, लगेच या.

पलीकडून विचारलं, "पुलाच्या अलीकडे की पलीकडे?"