लाइट गेली, कॉम्प्युटर उठेना: स्टार्टअप रिपेअर, चेकडिस्क की थेट रीसेट?

काकांच्या डीटीपीच्या दुकानात ऐन लग्नसराईत लाइट गेली. यूपीएसची बॅटरी आधीच संपलेली. लाइट आल्यावर पडद्यावर ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’, मग काळोख, मग पुन्हा तेच. काकांनी फोनवर एवढंच विचारलं, “फॉरमॅट मारू का रे?” मी म्हटलं, हात लावू नका, येतोय.

सीपीयूचा पंखासुद्धा फिरत नसेल, तर विंडोजचा विचार सोडा. प्लग काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, पुन्हा लावून बघा. रॅम काढून घट्ट बसवा. तरीही ढिम्म असेल तर एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) किंवा मदरबोर्ड, म्हणजे दुकानच गाठायचं. विंडोजचा लोगो दिसून पुढे अडत असेल, तर मात्र खालच्या तीन वाटा तुमच्या हातात आहेत.

त्याआधी फायली बाहेर काढा. विंडोजची एनटीएफएस पद्धत फाइल कुठे आहे, तिचं नाव काय, याची नोंदवही सांभाळते. त्यामुळे लाइट गेली तरी कालपर्यंतचं काम बहुधा जागच्या जागी असतं. जाते ती त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल. ती विंडोजचीच असेल तर मशीन उठत नाही. रिपेअरच्या पडद्यावरून ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘नोटपॅड’ टाइप करा, फाइल मेनूतून ‘ओपन’ घ्या आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. त्या छोट्या खिडकीतच फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी करता येतं, पेनड्राइव्हवर पेस्ट करता येतं. पेस्ट चालू असताना काहीच हलत नाही, मशीन अडकल्यासारखं वाटतं. थांबा. काकांच्या पत्रिकांचं फोल्डर असंच निघालं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला विंडोजने लावलेलं कुलूप, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

आता तुलना. स्टार्टअप रिपेअर, म्हणजे विंडोजने स्वतःच करायची दुरुस्ती, तुमच्या फायलींना हात लावत नाही, म्हणून पहिला मान त्याचा. पण एकदाच. ‘दुरुस्त करता आलं नाही’ असं त्याने सांगितल्यावर पुन्हा पुन्हा चालवण्यात वेळच जातो.

चेकडिस्क, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमधून डिस्क तपासणारी ‘chkdsk’ ही आज्ञा. तिचं तसं नाही. ते डिस्कवर लिहितं, नोंदी बदलतं, म्हणून फायली काढल्यावरच. ‘एफ’ची खूण (/f) देऊन चालवलं तर फक्त नोंदी सरळ करतं आणि अशा वेळी माझा भरवसा त्याच्यावरच. ‘आर’ (/r) दिलं तर डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचतं. १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर तासन् तास लागतात. डिस्क टकटक आवाज करत असेल तर दोन्ही नको, ती आधी डेटा काढणाऱ्या जाणकाराकडे न्या. आणखी एक: या पडद्यावर विंडोजचा ड्राइव्ह ‘सी’च असेल असं नाही. आधी ‘डीआयआर’ देऊन ‘युझर्स’ फोल्डर कुठे दिसतं ते पाहा.

रीसेट म्हणजे विंडोज नव्याने बसवणं. त्यातले ‘कीप माय फाइल्स’ हे शब्द फार धीर देतात. फायली राहतात, पण तुम्ही टाकलेले सगळे प्रोग्रॅम जातात. काकांच्या मशीनवर मराठी फॉन्टचं श्रीलिपी आणि पानं मांडायचं पेजमेकर. ते गेले तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसणार. सीडी आणि डाँगल (प्रोग्रॅम चालायला लावावी लागणारी यूएसबी किल्ली) हाताशी नसतील, तर रीसेट म्हणजे धंदा बंद. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ घेणार असाल तर फक्त विंडोजचा ड्राइव्ह पुसायचा की सगळे, असं विचारलं जातं. तो प्रश्न दोनदा वाचा.

याउलट कॉलेजची मुलगी, सगळं गुगल ड्राइव्हवर, मशीनवर ब्राउझरपलीकडे काही नाही, तिने चेकडिस्कच्या नादी लागूच नये. सरळ रीसेट.

दुकानात न्यायचं ठरलं तर मशीन ठेवण्याआधीच स्पष्ट सांगा: मला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारायचा नाही. शक्य असेल तर ते पावतीवर लिहून घ्या.

काकांचं मशीन ‘एफ’वाल्या चेकडिस्कने उठलं. अर्धवट राहिलेली एक पत्रिका तेवढी पुन्हा बसवावी लागली. यूपीएसची नवी बॅटरी त्याच संध्याकाळी आली.