इलेक्ट्रिक ब्लँकेटवर काढलेला अख्खा हिवाळा : वर्षभरानंतरचा अनुभव (लेस्टर, इंग्लंड)

घेतलं तेव्हा नवरा म्हणाला होता की वॅफल मेकरच्या शेजारी अजून एक डबा वाढला. पण २०२४ च्या ऑक्टोबरपासून २०२५ च्या एप्रिलपर्यंत एक रात्र सुटली नाही, आणि आता परत गारठा सुरू झालाय म्हणून सगळं एकदा लिहून टाकते. कारण हे घ्यायच्या आधी मी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे "आठवडा झाला, मस्त आहे" टाइपचे होते. आठवड्यात काय कळतं, डोंबल.

वस्तू काय तर डबल बेडचं इलेक्ट्रिक ब्लँकेट, म्हणजे गादीवर घालायचं, त्यावर चादर, आणि दोन बाजूंना दोन कंट्रोलर, ५२ पौंड. नंतर सोफ्यावर अंगावर घ्यायचा थ्रो पण घेतला, ३८ पौंडांचा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, नंतर एक भांडण झालं ते खाली येईलच.

आधी थोडी कर्मकथा, कारण तिच्याशिवाय हे घ्यायची अक्कल आली नसती. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही इथे आलो. घर भाड्याचं, शंभरी ओलांडलेलं, लाल विटांचं, दोन्हीकडून शेजाऱ्यांना चिकटलेलं. बघायला गेलो तेव्हा ऊन होतं आणि आम्ही आपले खिडकीच्या कमानीचे फोटो काढत बसलो. जुन्या घरांची भिंत भरीव विटांची असते, नंतरच्या घरांत दोन थरांमध्ये फट असते आणि तिच्यात इन्सुलेशन भरता येतं, आमच्या घरात ती सोयच नाही, हे ज्ञान डिसेंबरात भिंतीला हात लावल्यावर झालं. घर किती ऊर्जा खातं ते सांगणाऱ्या एनर्जी सर्टिफिकेटवर ग्रेड ई. ई म्हणजे भाड्याने द्यायला कायद्याने चालणारी सगळ्यात खालची ग्रेड, काठावर पास.

तर पहिल्या हिवाळ्यात आम्ही पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एसी लावतात तसं इथलं गॅसवरचं हीटिंग लावलं. थंडी वाजली, लाव २३ वर, अर्ध्या तासाने गुदमरलं, बंद कर. वर शहाणपणा म्हणून दीड किलोवॅटचा तो विजेवर चालणारा तेलाचा रेडिएटर आणला, म्हणजे फक्त हॉल गरम करू आणि गॅस वाचवू. जानेवारी २०२४ चं गॅस आणि लाइटचं मिळून बिल आलं २७६ पौंड. एका महिन्याचं. मी ते रुपयांत करून पाहिलं ही चूक झाली, आकडा तीस हजारांच्या जवळ गेला आणि मला वाईच्या आमच्या घराचं अख्ख्या वर्षाचं लाइटबिल आठवलं.

मग बसून बिल वाचलं, खरंच ओळन् ओळ. तेव्हा गॅसचं युनिट होतं साडेसात पेन्सच्या आसपास आणि विजेचं साडेअठ्ठावीस. म्हणजे वीज गॅसच्या जवळपास चौपट महाग, आणि आम्ही शहाणे गॅस वाचवायला विजेचा हीटर लावून बसलो होतो, तासाला ४३ पेन्स जाळत. शिवाय स्टँडिंग चार्ज. म्हणजे तुम्ही महिनाभर भारतात जाऊन आलात, घरात एक दिवा लावला नाहीत, तरी रोजचे पैसे लागतातच. २०२४-२५ च्या हिवाळ्यात दोन्ही मीटरचे मिळून रोजचे ९२ पेन्स होते, महिन्याचे अठ्ठावीस पौंड, बटण न दाबता. प्राइस कॅप प्राइस कॅप ऐकून मला वाटायचं की बिलालाच कमाल मर्यादा आहे. तसं काही नाही, मर्यादा युनिटच्या दराला आणि ह्या रोजच्या चार्जला आहे, ऑफजेम, म्हणजे इथली वीज-गॅसवर देखरेख करणारी सरकारी संस्था, दर तीन महिन्यांनी ठरवतं, बातम्यांत सांगतात तो वर्षाचा आकडा नुसता सरासरी घराचा असतो. जास्त जाळलंत तर जास्त भरा.

मदत मिळते का, तर मिळते, पण आम्हाला नाही. आमच्या व्हिसावर सरकारी भत्ते घ्यायला मनाई आहे, आणि ते वॉर्म होम डिस्काउंटचे, म्हणजे बिलात सूट म्हणून मिळणारे १५० पौंड अशाच कुठल्यातरी भत्त्याला जोडलेले असतात. तक्रार नाही, सही करताना वाचलं होतं. वाईट शेजारच्या गुजराती बांचं वाटलं, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, त्यांना दर हिवाळ्याला विंटर फ्युएल पेमेंट, म्हणजे घर तापवायला सरकारकडून पैसे यायचे ते २०२४ ला बंद झाले, कारण पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांचा भत्ता) वगैरे असेल त्यांनाच द्यायचं ठरलं आणि बांचं उत्पन्न त्या रेषेच्या जरासं वर. २०२५ ला वर्षाला ३५ हजार पौंडांच्या आत उत्पन्न असलेल्यांना परत सुरू केलं. पण तो एक हिवाळा बा दुपारी लायब्ररीत जाऊन बसायच्या, तिथे गरम असतं आणि कुणी ऊठ म्हणत नाही.

असो, ब्लँकेट. प्रत्येक बाजू ६० वॅटची, म्हणजे दोन्ही फुल केल्या तरी १२० वॅट, तासाला तीन पेन्स. तीन! थ्रोचंही साधारण तेवढंच. नऊ वाजता लावायचं, साडेनऊला अंथरुणात शिरायचं, आणि ते पहिलं शिरणं, गादी खालून ऊबदार लागते ना, त्याला मी काय सांगू, लहानपणी आजी चुलीजवळ ठेवलेली गोधडी आणून अंगावर टाकायची ते डायरेक्ट आठवलं. नवरा घरून काम करतो, तो दिवसभर थ्रो पायावर घेऊन बसायला लागला, कॅमेऱ्यात वर शर्ट आणि खाली म्हाताऱ्या माणसासारखं पांघरूण.

नोव्हेंबरात आई आली, सहा महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर, तेवीस किलोच्या बॅगेत चार किलोची गोधडी घेऊन. तिला हीटिंगचा भिंतीवरचा रेडिएटर दाखवला, कसं चालतं ते सांगितलं, तर म्हणते "म्हणजे बंबच की गं हा, फक्त पाणी अंघोळीला न घेता भिंतीतनं फिरवतात." बरोबरच आहे. तिला ब्लँकेट खूप आवडलं, इतकं की एक दिवस सकाळी तळपायावर लाल चट्टा. तिला वीस वर्षांची शुगर आहे, तळपायांना फारसं कळत नाही, आणि तिने रात्रभर सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवलेलं. डबा उघडून ती बारीक अक्षरातली पुस्तिका काढली तर त्यात स्पष्ट लिहिलंय, उष्णता न जाणवणाऱ्यांनी आणि लहान बाळांसाठी वापरू नका. चूक पूर्णपणे माझी. तेव्हापासून तिचं आधी तापवायचं आणि ती आडवी व्हायच्या आधी प्लगच काढायचा, वर गोधडी. तेवढ्यावर आई सकाळपर्यंत गरम राहते. तुमच्याकडे कुणी शुगरवालं असेल तर प्लीज हे वाचून सोडून देऊ नका. आणि ब्लँकेटसोबत गरम पाण्याची पिशवी पण घ्यायची नसते.

आता खरा मुद्दा. ब्लँकेट आल्यावर आमच्या डोक्यात हवा गेली. घर कशाला तापवायचं, माणसं तापवू, असं म्हणून नोव्हेंबर डिसेंबरात हीटिंग सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, बस. घरात १४ डिग्री. सगळ्यांच्या अंगावर स्वेटर, आईची कानटोपी चोवीस तास डोक्यावर. डिसेंबरचं बिल आलं १३८ पौंड, मी स्क्रीनशॉट काढून बहिणीला पाठवला. अशी मिरवत होते की विचारू नका.

एक जानेवारीला आईची साडी काढायला कपाट उघडलं तर कुबट वास. कपाट पुढे ओढलं, मागची भिंत खालपासून कमरेपर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली, पावसाळ्यात कोकणातल्या घराला येते तशी बुरशी, आणि कपाटाची मागची फळी बोटाने दाबली तर मऊ. मी मटकन खालीच बसले. गादी उचलली तर खाली भिंतीकडचा कोपरा ओला.

कारण मग कळलं. आपण घरात किती वाफ करतो ह्याचा हिशोबच नसतो. कुकरच्या रोज सात-आठ शिट्ट्या, आईचा चहा दहा मिनिटं उकळणार, अंघोळी, त्यात बाहेर वाळत नाहीत म्हणून आतच स्टँडवर टाकलेले कपडे, आणि चार माणसांचा श्वास (आमचा मुलगा पाच वर्षांचा आहे, तो एकटा चौघांचं बोलतो). ही सगळी वाफ जाणार कुठे, तर घरातल्या सगळ्यात गार जागी, म्हणजे कपाटामागच्या बाहेरच्या भिंतीवर. अंथरूण गरम होतं, भिंतीला कोण ब्लँकेट घालणार. घरभाड्याच्या एजन्सीला फोटो पाठवले, दोन आठवड्यांनी उत्तर, "खिडक्या उघडा." शून्य डिग्रीत. अर्थात पूर्ण चुकीचंही नव्हतं ते, फक्त तेवढंच पुरेसं नव्हतं. बुरशीचा स्प्रे, रंग, गादी आणि १५० पौंडांचा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र) धरून डिसेंबरात जे वाचवलं ते सगळं गेलं आणि वर थोडं गेलं.

त्यानंतर जे बसवलं ते आजपर्यंत चालू आहे. हीटिंग सकाळी दोन तास आणि संध्याकाळी पाच ते दहा, पण साडेसतरा-अठरावरच. कपाट भिंतीपासून वीतभर लांब. डीह्युमिडिफायर कपड्यांच्या स्टँडशेजारी दार लावून पाच तास, तासाला पाच पेन्स, आणि रोज संध्याकाळी टाकीतून दोन लिटर पाणी निघतं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा आई म्हणाली हे सगळं आपण श्वासातून घेत होतो का.

आणि बॉयलर. हे मला कुणी पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं. आमचा कॉम्बी आहे, म्हणजे वेगळी टाकी नाही, नळाचं आणि रेडिएटरचं पाणी तोच तापवतो, त्याच्यावर नळाचं चित्र आणि रेडिएटरचं चित्र अशी दोन बटणं आहेत. रेडिएटरचं ७५ वर होतं, म्हणजे त्यात फिरणारं पाणी ७५ डिग्रीला. ते मी ५५ वर आणलं. आताचे बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णतासुद्धा परत घेऊ शकतात, पण परत येणारं पाणी जरा गार असेल, साधारण ५५ च्या खाली, तरच. नाहीतर ती वाफ बाहेरच्या पाइपातून भक भक आकाशात. रेडिएटर आता हाताला चटका देत नाही, कोमट लागतो, पहिले दोन दिवस नवऱ्याला वाटलं बिघडला. घर तापायला वेळ लागतो म्हणून अर्धा तास आधी सुरू करते. ज्यांच्याकडे गरम पाण्याची वेगळी टाकी आहे त्यांनी मात्र माहितगाराला विचारून करा, टाकीतलं पाणी ६० च्या खाली ठेवायचं नसतं.

जानेवारी २०२५ चं बिल १७६. आदल्या जानेवारीपेक्षा शंभर पौंडांनी कमी, पण त्यातला काही भाग दर उतरल्यामुळे, म्हणून मी युनिटं बघितली, गॅस २०६० वरून १२९०, वीज ३४० वरून २६५, डीह्युमिडिफायर धरून. ह्यात ब्लँकेटचा वाटा नेमका किती ते सांगता येणार नाही. पण रात्री दहाला हीटिंग बंद करून झोपायची हिंमत त्याच्यामुळेच होते हे नक्की.

आता भांडण. फेब्रुवारीत डाव्या बाजूचा कंट्रोलर गेला, लाइट लागतो पण गरम होत नाही. कंपनीने आधी सांगितलं की पूर्ण ब्लँकेट परत पाठवा, तीन आठवडे लागतील. फेब्रुवारीत! मी चॅटवर चाळीस मिनिटं घालवली, बिलाचा फोटो, वॉरंटी कार्ड, सगळं, शेवटी नुसता कंट्रोलर पाठवला, तोही अकरा दिवसांनी. ते अकरा दिवस आम्ही तिघं उजव्या बाजूला. घेताना कंट्रोलर सुटा मिळतो का ते विचारून घ्या. बाकी तक्रारी बारीक, धुतल्यावर वाळायला दोन दिवस लागतात, वायर नेमकी प्लगपाशी कमी पडते, आणि थ्रोचं कापड मार्चपर्यंत गोळे गोळे झालं.

२०२५ च्या ऑक्टोबरात विजेचं युनिट परत २६ च्या वर गेलं, गॅस साधारण तिथेच राहिला. उन्हाळाभर ब्लँकेट गुंडाळून ठेवलं होतं, घडी नाही घालायची, आतल्या तारा मोडतात. परवा काढलं, जमिनीवर पसरलं, कुठे काळा डाग किंवा उघडी तार नाही ना ते हात फिरवून बघितलं आणि अर्धा तास लावून ठेवलं. इथली फायर ब्रिगेड दहा वर्षांनी बदला म्हणते, तेवढं टिकलं तर चांदीच. दोन्ही बाजू तापल्या. आईचा फोन चालू होता, तिने वाईहून विचारलं की माझी गोधडी कुठंय. तिथेच आहे, वरती, मुलगा तिच्यात गुंडाळून झोपलाय आणि उठायला तयार नाही.